पाणी जहाजाखाली

४ फेब्रुवारी

चिरंजीव,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण उरकून घेऊ.

तीन वर्षं मी तुला फोन करते आहे आणि तीन वर्षं तू उचलत नाहीस. परवा सूनबाईंनी चुकून उचलला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आई, त्यांना तुमचा आवाज सहन होत नाही हो. पत्र लिहा, वाचतील." आवाज सहन होत नाही! ज्या आवाजासाठी रविवारी सकाळी लोक दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून रेडिओपाशी उभे राहायचे, तो माझ्या पोटच्या पोराला सहन होत नाही. ठीक आहे. शाईला आवाज नसतो. वाच.

बातमी अशी की कप्तान परत येतोय. कुठल्याशा कंपनीने रेडिओ केंद्राकडून सगळ्या जुन्या टेप घेतल्या आहेत, आता त्याची हलती चित्रं काढणार आहेत. नवे सव्वीस भाग. आवाज मात्र माझाच हवा म्हणतात. त्यांचा दिग्दर्शक घरी आला होता. डोक्यावर कुरळ्या केसांचं टोपलं, दोन पायांत दोन रंगांचे मोजे. कोचावर बसला आणि म्हणाला, "आंटी, तुम्ही म्हणजे आमचं बालपण!"

म्हटलं, "संपलं का ते, की चालूच आहे?"

हसला बिचारा. आधी त्याला पटेचना की सोळा वर्षं ज्याच्यामागे अख्खी पिढी वेडी झाली तो दहा वर्षांचा दर्यावर्दी पोरगा म्हणजे ही चष्मेवाली बाई. मग म्हणाला, "एकदा ते वाक्य म्हणाल?"

मी एकाहत्तर वर्षांची आहे. गुडघे गेले, वरचे दात माझे नाहीत. पण चष्मा काढला, मान ताठ केली आणि दिलं ठोकून: "पाणी जहाजाखाली, डोळ्यांत नाही!" बाळा, त्या खोलीत छाती काढून एक मुलगा उभा राहिला. कुरळ्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वाक्य काय आणि परिणाम काय!

तर मी हो म्हणणार आहे. विचारत नाही, कळवते आहे. निवृत्त झाल्यापासून मला "जरा सरका" याशिवाय कुणी काही सांगितलेलं नाही. कुणाला तरी माझी गरज आहे, हे तुलाही ऐकू जावं.

आणि त्या दिवसाबद्दल. तुझ्या मुलाचं बोट दारात चेंगरलं, तीन वर्षांचं पोर, आकाशपाताळ एक करत होतं. मी काय केलं? कप्तानाच्या आवाजात ते वाक्य म्हटलं. नळ बंद करावा तसं पोर बंद झालं. मला तर अभिमान वाटला, अजून चालतंय म्हणून. आणि तू? तू त्याला कडेवर घेतलंस आणि म्हणू लागलास, "रड, राजा. रड ना. दुखतंय ना, रड." पोराला रड रड म्हणणारा बाप मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. ते काही रडलं नाही. तू त्याला बूट चढवलेस, सूनबाईंची पर्स उचललीस आणि निघून गेलास. ताटं वाढलेली होती.

एवढ्याशा गोष्टीवरून तीन वर्षं. बोट तरी बरं झालं असेल.

सगळे सुखात असा. हा आशीर्वाद रागातला आहे, पण खरा आहे.

आई
(आवाज वगळून)


१९ फेब्रुवारी

चिरंजीव,

उत्तराची वाट पाहिली नाही. वाट पाहणं मला कधीच जमलं नाही.

नातवाचा वाढदिवस जवळ आला म्हणून खेळण्यांच्या दुकानात गेले होते. दारातच एक मुलगी हसतमुखाने आडवी आली. "आजी, मुलगा की मुलगी?"

म्हटलं, "माणूस आहे. सहा वर्षांचं."

"नाही, म्हणजे कुठल्या बाजूला पाठवू?"

दुकानाला दोन बाजू. डावीकडे सगळं निळं: बंदुका, गाड्या, दात विचकणारे राक्षस. उजवीकडे सगळं गुलाबी: इवलीशी शेगडी, इवलीशी इस्त्री, आणि ऐक, इवलासा झाडू. सहा वर्षांच्या पोरीला वाढदिवसाला झाडू! मी त्या मुलीला विचारलं, "बापाला देतात का गं घरी, वाढदिवसाला झाडू?" ती म्हणाली, "आजी, जे खपतं ते ठेवतो." मग मी तिथेच उभी राहून थोडं बोलले. माझं थोडं म्हणजे तुला माहीत आहे. मॅनेजर बाहेर आला, माझ्यासाठी खुर्ची आणवली आणि खुर्ची दरवाज्याबाहेर ठेवली.

शेवटी डावीकडून कप्तानाची टोपी घेतली. पांढरी, सोनेरी पट्टीची. पार्सलने येईल. त्याला शोभेल.

मुलींच्या बाबतीत मी कधी गप्प बसले नाही हे तू तरी नाकारू नकोस. आपल्या कार्यक्रमात छोटी होती, आठवते? जहाजावरची एकुलती एक मुलगी. सोळा वर्षांत तिने काय केलं? किंचाळली, पट्ट्या बांधल्या, आणि "कप्तान, जपून हं!" म्हणाली. ते काम करणारी आमची किंकाळीबाई तीन पोरांची आई, आवाज असा की पोलिसांनी शिट्टी टाकून द्यावी. दोन किंकाळ्यांच्या मध्ये स्वेटर विणत बसायची. "मला काय, बाई," म्हणायची, "एका भागात एक बाही होते." मी लेखकाशी भांडले. म्हटलं, एका वादळात तरी सुकाणू छोटीच्या हातात द्या. तो म्हणाला, "मग कप्तान काय करेल?" म्हटलं, "झोपेल." आणि दिलं त्याने! चार मिनिटं छोटीने जहाज हाकलं. किंकाळीबाई घाबरून घामाघूम, कारण आयुष्यात पहिल्यांदा तिला पूर्ण वाक्यं बोलायची होती.

त्या दिवशी घरी येताना तुझे बाबा म्हणाले होते, "मुलीसाठी भांडलीस, झकास केलंस. आता त्या पोरासाठीही एकदा भांड की."

"त्याला काय कमी आहे?"

"त्याला एकदा घाबरू दे. दहा वर्षांचं पोर आहे गं."

"तो कप्तान आहे," मी म्हटलं.

तुझे बाबा! कार्यक्रमातले सगळे आवाज त्यांच्या हातचे. पत्रा हलवून वादळ करायचे, ओल्या कापडाने लाटा करायचे, कप्तानाची पावलं तर ते स्वतः लहान बूट हातांत घालून फळीवर वाजवायचे. म्हणजे कप्तानाचं तोंड मी आणि पाय ते. अर्धा कप्तान किती मऊ होता हे ऐकणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. बातम्या ऐकून रडणारा माणूस. कुणाच्याही लग्नात रडायचे, ओळख असो नसो. मी म्हणायचे, "तुम्हाला टॉवेल घेऊन न्यायला हवं." तुला आठवतं, तूही हसायचास.

हसायचास ना?

आई


६ मार्च

टोपी परत आली. बरोबर सूनबाईंची चिठ्ठी. तुझ्या घरात लिहिता येणारं एक तरी माणूस आहे म्हणायचं. तिने लिहिलेलं जसंच्या तसं उतरवते, म्हणजे नंतर "मी असं म्हटलंच नाही" नको:

"आई, टोपी परत पाठवते आहे, राग मानू नका. शेजारच्या मुलाकडे जुन्या भागांच्या टेप आहेत, आमचा लेक तिथे जाऊन ऐकतो. गेल्या महिन्यात याचा कान दुखत होता. कान फुटून उशीवर पू येईपर्यंत बोलला नाही. डॉक्टरांनी विचारलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणाला, पाणी जहाजाखाली. तो आवाज आपल्या आजीचा हे त्याला माहीत नाही, यांनी सांगू दिलं नाही. यांचं एकच म्हणणं आहे. नवे भाग तुमच्या आवाजात आले तर या घरात तुम्हाला जागा होणार नाही, आणि नाही म्हणालात तर बोलू. हे वाक्य त्यांनी सांगितलं, मी फक्त लिहिलं."

म्हणजे अट! माझा मुलगा मला अट घालतो आणि ती बायकोच्या हातून लिहून घेतो. वा रे कप्तान.

कानाचं वाचून मला वाईट वाटलं नाही असं समजू नकोस. पण कान फुटला तो जंतूंमुळे. आजकाल सगळ्याचं खापर आवाजावर! मग राक्षसांचं काय? डाव्या बाजूच्या बंदुकांचं काय? शाळेतल्या मास्तरांचं काय, जे पोराला "मुलीसारखा रडतोस काय" म्हणतात? तो अपमान मुलीचाही आणि मुलाचाही, हे मी तुझ्या शाळेच्या सभेत उभं राहून सांगितलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तू मागच्या बाकावर होतास.

कप्तान म्हणजे माझ्यासाठी काय होता, ते तुला कधी सांगितलं नाही. विचारलंसही नाहीस.

घरी मी पाचवी मुलगी. आमच्या घरी मोठ्याने हसलं की तीन खोल्यांतून तीन बायका "हळू!" म्हणायच्या. पण शाळा मुलींची आणि सिस्टर लोकांची. मुलींच्या शाळेत नाटक बसवायचं तर राजपुत्र कुणी व्हायचं? एलोक्युशन, म्हणजे वक्तृत्व, शिकवणाऱ्या सिस्टर पेन्सिल दातांत धरायला लावून प्रत्येकीला वाचायला सांगायच्या. माझ्यापाशी आल्या, ऐकलं आणि म्हणाल्या, "तू. तू शेवटच्या बाकापर्यंत पोचतेस." बाळा, वयाच्या अकराव्या वर्षी मी पहिल्यांदा पँट घातली, पाय फाकून उभी राहिले आणि हॉलच्या टोकापर्यंत ओरडले. कुणी हळू म्हटलं नाही. तीनशे मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी राजपुत्र झाले, शिपाई झाले, लाकूडतोड्या झाले. पडदा पडला की पुन्हा परकर आणि "हळू".

म्हणून कप्तान मिळाला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. त्याच्या आत मी हुकूम सोडायचे, शिट्टी मारायचे, कुणाला घाबरायचे नाही. आणि न रडणं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं, मी कमावलं होतं. आमच्या घरी बायका रडायच्या आणि मग जे नको असेल ते मुकाट्याने करायच्या. मला वाटायचं, रडणं थांबवलं की करणंही थांबेल. जे मला एवढं उपयोगी पडलं ते तुला का देऊ नये? कोणती आई आपल्याकडची चांगली वस्तू पोरापासून लपवते?

तुझ्या हाताचं म्हणशील. म्हण. सात वर्षांचा होतास, भिंतीवरून पडलास आणि मोडलेला हात दोन दिवस खिशात घालून फिरलास. तिसऱ्या दिवशी आंघोळ घालताना मला कळलं. डॉक्टर म्हणाले, असं मूल पाहिलं नाही. मी म्हटलं, कप्तानाचं पोर आहे. मग ते मासिकवाले आले, प्लास्टरमधला तुझा फोटो छापला, वर "खरा कप्तान". फोटोत तू हसतो आहेस.

मी आज तो फोटो काढून पाहिला. कशाला पाहिला कोण जाणे. हसू फक्त तोंडात आहे.

ते असो. अट मला मान्य नाही. सोमवारी कुरळ्याला होकार कळवते.

आई


१७ मार्च

सोमवारी कळवला नाही. सर्दी होती.

किंकाळीबाई आली होती. आता काठी घेऊन चालते, पण गप्पांना काठी लागत नाही. तिला टोपीची, चिठ्ठीची सगळी हकीकत सांगितली. वाटलं, माझ्या बाजूने किंचाळेल. तिने चहा संपवला आणि म्हणाली, "माझे तिघेही घरी भोकाड पसरायचे. मी कंटाळून म्हणायचे, पसरा मेल्यांनो, मी दिवसभर तेच करून आले." मग म्हणाली, "तुझं पोर केंद्रावर यायचं ना, कोपऱ्यात बसायचं. मला त्याची भीती वाटायची."

"भीती? त्याने काय केलं?"

"काहीच नाही. तेच."

तिला मी बरंच बोलले. ती गेल्यावर दार जोरात लावलं. आणि मग बसले लिहायला. आता जे लिहिणार आहे ते तीन वेळा लिहून फाडलं आहे, चौथ्यांदा फाडायला कागद नाही.

बाबा गेले त्या दुपारी इस्पितळाच्या जिन्याखाली बाकावर आपण दोघं होतो. तू नऊ वर्षांचा. नर्स वरून खाली येऊन माझ्या कानात सांगून गेली. तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस आणि तुला कळलं. तुझी हनुवटी हलायला लागली. मी तुला सगळीकडे सांगत आले की माझा मुलगा बाप गेला तेव्हा धीराने वागला. लोक म्हणायचे, केवढं समजूतदार पोर! खरं असं आहे की तू रडणार होतास. तोंड उघडलं होतंस. आणि मला वाटलं, हा आता रडला तर मी या बाकावरून उठणार नाही. वर जाऊन सह्या करायच्या होत्या, माणसं बोलवायची होती. मग मी तुझे खांदे धरले आणि ते वाक्य म्हटलं. माझ्या आवाजात नाही. त्याच्या.

तू तोंड मिटलंस. म्हणालास, "होय, कप्तान."

मी उठले, वर गेले, सह्या केल्या.

आणि मग थांबलेच नाही. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या आवाजात बोलायला गेले की घसा दाटायचा, त्याच्या आवाजात दाटायचा नाही. म्हणून घरात त्याच्याच आवाजात बोलू लागले. "उठा, खलाशी! दात घासा! दप्तर भरा!" तू सगळं करायचास. एक महिना? जास्त. एका संध्याकाळी मी तुझ्या चपलेचा अंगठा शिवत होते. तू समोर बसून माझ्याकडे बराच वेळ पाहिलंस आणि विचारलंस,

"आई कधी येणार?"

मी म्हटलं, "ही काय, इथेच आहे की."

तेही त्याच्याच आवाजात.

तू मान हलवलीस आणि गृहपाठ काढलास. पुन्हा कधी विचारलं नाहीस. काही दिवसांनी माझा घसा बरा झाला, मी आपल्या आवाजात बोलू लागले, मला वाटलं संपलं. तू तेव्हापासून माझ्याशी "हो" आणि "नाही" एवढंच बोलतोस. शाळेत, कॉलेजात, लग्नाच्या बोलण्यांत, सगळीकडे. आणि मी लोकांना सांगत राहिले, आमचा मितभाषी आहे.

तीन वर्षांपूर्वी तू मुलाला "रड, राजा" म्हणालास, ते तुझं माझ्यासमोरचं सगळ्यात लांब बोलणं होतं. ते मी वेड्यात काढलं.

तुझे बाबा गेल्यावर कप्तानाची पावलं दुसरा माणूस वाजवू लागला. ती मोठ्या माणसाची वाटायची. मी तक्रार केली, तो म्हणाला, "बाई, बूट तेच आहेत." तरी कार्यक्रम आणखी सात वर्षं चालला.

उद्या कुरळ्याकडे जाणार आहे. "नाही" सांगायला.

आई


२ एप्रिल

बाळ,

कुरळ्याला "नाही" सांगितलं. तू म्हणशील जिंकलो, पण तसं झालेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

कुरळ्या सभ्य मुलगा आहे, मोजे मात्र अजून वेगळेच. माझं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "आंटी, खरं सांगू का? टेप आमच्याकडे आहेत. सोळा वर्षांचा आवाज आहे. आता त्यावरून यंत्र हवी ती वाक्यं बनवतं. तुम्हाला विचारलं ते आदर म्हणून." केंद्राच्या कुठल्या जुन्या कागदावर मी सही केलेली आहे म्हणे. असेल. त्या वयात मी न वाचता सह्या करायचे, वाचायला वेळ कुठे होता, जहाज हाकायचं होतं. म्हणजे कप्तान येणारच, माझ्या आवाजात, माझ्याशिवाय. तुझी अट मी पाळली आणि त्याचा काही उपयोग नाही. तुझ्या मुलाला ते ऐकू येईल. त्याला सांग की ती तुझी आजी आहे आणि ती खोटं बोलायची. हे मी सांगायला हवं, पण मला तिथे जागा नाही, आणि आता त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

पुढे ऐक. कुरळ्या म्हणाला, "एक मदत कराल? नव्या भागात कप्तान एकदा रडतो. हल्लीच्या आईबापांना आवडतं. पण सोळा वर्षांच्या टेपमध्ये त्याचं रडणं कुठेच नाही, यंत्राला द्यायला नमुनाच नाही. एकदा रडून दाखवाल?"

मी बसले माइकपुढे. कप्तान एकदा रडावा म्हणून नव्हे, कुणाला तरी एकदा ते नीट करून दाखवावं म्हणून. डोळे मिटले, मुलगा आणला, आला. रडायला लावलं. काचेपलीकडून कुरळ्या म्हणाला, "आंटी, जरा खोटं वाटतंय." पुन्हा केलं. पुन्हा खोटं. तिसऱ्यांदा तर मीच हात वर केला. मी नक्कल करून जगलेली बाई आहे. कोंबडा, वकील, सर्दी झालेला न्यायाधीश, सगळं येतं. पण नक्कल करायला आधी ऐकलेलं असावं लागतं. दहा वर्षांचा मुलगा कसा रडतो हे मी ऐकलेलंच नाही. तुझं रडणारं तोंड मला दिसतं, हनुवटी दिसते, आवाज नाही.

घरी आले आणि बाबांची पेटी काढली. ते रेकॉर्डर घरी आणून काहीबाही टिपून ठेवायचे, दारं, नळ, जिने. टेपच्या प्रत्येक डबीवर त्यांच्या बारीक अक्षरात चिठ्ठी. एकीवर लिहिलं होतं: "मूल रडताना. वय पाच. वापरता येणार नाही, मध्ये आवाज आला."

कुरळ्याकडे घेऊन गेले. वाजवली. स्वयंपाकघर आहे, घड्याळ आहे, काहीतरी पडतं. तू "आई" म्हणतोस, परत "आई", आणि सुरुवात होते, एवढीशी. लगेच मी. त्याच्या आवाजात, छाती काढून, शेवटच्या बाकापर्यंत. बाबांनी काही चुकीचं लिहिलेलं नव्हतं.

मी कुरळ्याला विचारलं, तुझ्या यंत्राला माझा आवाज बनवता येतो, तर काढता येतो का? म्हणाला, येतो. मला वाटलं, माझ्या आवाजाखाली तुझं रडणं असेल, निघेल, मी एकदा ऐकेन, पूर्ण. अर्धा तास लागला. त्याने काढला माझा आवाज, अगदी स्वच्छ. आम्ही ऐकलं.

खाली रडणं नाही. मी जिथे बोलायला लागते तिथून पुढे फक्त घड्याळ आहे, आणि अगदी जवळून, नाकाने आत घेतलेला एक लहान श्वास. तो सोडल्याचा आवाज टेप संपेपर्यंत येत नाही.

कुरळ्याने यंत्र बंद केलं आणि मला टॅक्सीपर्यंत सोडायला आला. शहाणा मुलगा आहे.

माफी मागत नाही, तो शब्द मी नाटकांत फार वेळा म्हटला आहे. फोन करणार नाही. तू कधी आलास, एकटा किंवा मुलाला घेऊन, तर दाराची कडी काढलेली असेल. मी बोलणार नाही. तू काहीही कर, बस, नीज, ओरड, काहीच करू नकोस. मी समोर बसून ऐकेन. जमेल की नाही सांगता येत नाही, आजवर कधी केलेलं नाही.

आई